उंबरफाट्याचा वरचा पेरू

या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसणार नाही. ज्याचा बसेल त्यानं आज घरी गेल्यावर बायकोला विचारावं, की मी एवढा भोळा कधीपासून झालो. पण गडहिंग्लज स्टँडावर कोल्हापूरची गाडी लागायला अजून अर्धा तास आहे, चहा सांगून झालाय, आणि रिकामं बसून खरं ऐकण्यापेक्षा असलं काहीतरी ऐकलेलं बरं. तर ऐका. हातात काठी नाही, तोंडात शिवी नाही, रस्त्यात आडवं पडणं नाही, असं असताना एका बाईनं चार पेरूंच्या जोरावर विनाथांबा एस.टी. थांबवली. आणि एकदा नव्हे, रोज.

बाईचं नाव दानेश्वरी. पण ते नाव रेशनकार्डावर. बाकी सगळं जग तिला आक्का म्हणायचं. ड्रायव्हर आक्का म्हणायचे, कॉलेजची पोरं आक्का म्हणायची, आणि तिच्याहून वीस वर्षांनी थोरले असलेले म्हातारेही, इकडंतिकडं बघून, आक्काच म्हणायचे. कागल मागं टाकून इकडं यायला लागलं की एक चढ लागतो. चढ संपला की डाव्या हाताला उंबराचं झाड. तो उंबरफाटा. त्या झाडाखाली आक्काची पाटी असायची. पाऊस सरला की पेरू आणि उकडलेल्या शेंगा, उन्हाळ्यात काकडी आणि करवंदं. पेरूला चार चिरा देऊन आत तिखटमीठ भरायची तिची एक पद्धत होती. ते तिखट असं जहाल, की पुण्याच्या एका पाहुण्यानं एकच फोड खाल्ली आणि त्याचं बारा वर्षांचं पडसं कागल यायच्या आत बरं झालं. पुण्याला जाऊन त्यानं पहिला डॉक्टर सोडला म्हणतात.

चढ चढून आलेल्या गाडीचं इंजिन तापलेलं असायचं. ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी घालायला उतरायचा. त्याला लागायची दहा मिनिटं. तेवढ्यात आक्का एका बाजूनं आणि तिची शेजारीण शालूबाई दुसऱ्या बाजूनं गाडीला भिडायच्या. शालूबाईकडं भडंग असायचं. आक्काच्या डोक्यावर पाटी, म्हणजे पाटी बरोबर खिडकीला. वर न बघता, नुसत्या आवाजावरून तिला कळायचं, की कुठल्या खिडकीत कोण आहे आणि त्याला पिकलेला पाहिजे की कचकचीत.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया. आपल्या भागात चार पेरू घेतले आणि पैसे दिले म्हणजे खरेदी झाली असं होत नाही. पैसे दिले तरी गिऱ्हाईक हात मागं घेत नाही. तसाच पसरून ठेवतं आणि म्हणतं, "वर घाला की एक." तो वरचा. वरचा हातात पडला की सौदा पुरा. तो बारका असला तरी चालतो, एका अंगानं दबलेला असला तरी चालतो, पण पडायला पाहिजे. विकत घेतलेल्या चारांतला एक किडका निघाला तर माणूस तो फेकतो आणि विसरतो. वरचा मिळाला नाही तर नातवंडांना सांगतो.

आक्का तर वरचा निवडून द्यायची. पाटीतला सगळ्यात गोड. शालूबाईला ते पटायचं नाही.

"आक्का, फुकटचा कशाला चांगला देतीस? बारका दे की."

"शालू, इकत घेतलेलं लोक खात्यात. वरचं ध्यानात ठेवत्यात," आक्का म्हणायची.

सव्वीस वर्षं असं चाललं. नवरा गेल्यावर दुसऱ्या महिन्यात ती त्या झाडाखाली येऊन बसली होती. पोरबाळ नव्हतं. पण गाडी आली की पन्नास तोंडं एकदम "आक्का, आक्का" करायची, आणि तेवढं कानावर पडलं की तिला दिवसभर दुसरं काही लागायचं नाही.

मग शहाण्णव सालची दिवाळी झाली आणि विनाथांबा गाडी सुरू झाली. कोल्हापूर सोडलं की थेट गडहिंग्लज. नवं इंजिन, चढ चढून आलं तरी थंडगार. ड्रायव्हरला पाणी घालायला नको, उतरायला नको, उंबराकडं बघायला नको. दिवसाच्या चांगल्या वेळच्या सगळ्या फेऱ्या त्या गाडीला गेल्या. फाट्यावर थांबणाऱ्या दोनच उरल्या. एक भल्या पहाटे, तिच्यात दुधाचे कॅन आणि झोपलेली माणसं. दुसरी दिवे लागल्यावर, तिच्यात घर गाठायच्या घाईतली माणसं. दोन्हीत पेरू कोण खाणार?

विनाथांबाचा ड्रायव्हर गुरुपाद. हा माणूस शिस्तीचा, म्हणजे किती? त्याच्या लग्नाची वरात देवळापुढं थांबायची होती, पण घोड्याचा लगाम गुरुपादच्याच हातात होता, त्यामुळं वरात थेट मांडवात गेली आणि देवाला मागाहून येऊन नवरानवरी बघावी लागली. बाहेरचं काही खायचं नाही. घरची भाकरी, घरचं पाणी. गाडी सुरू केली की मान वळवायची ती मुक्कामाला. त्याच्या जोडीला कंडक्टर बाळासो. तो बोलायला मोकळा, पण गाडी काही त्याच्या हातात नव्हती.

तीन आठवडे आक्काची पाटी भरलेली यायची आणि भरलेली जायची. फाट्यावरचा काकडीवाला गावात शेळ्या राखायला गेला. शालूबाई भडंग घरीच खायला लागली आणि जाड झाली. आणि एका रविवारी एम-एटी फटफटत आक्काचा पुतण्या शिवशरण आला, गडमुडशिंगीहून. थोरल्या चुलतीला तो दोडव्वा म्हणायचा.

"दोडव्वा, चल आता घरला," तो म्हणाला. "किती दिस धुरळा खाणार हितं? आमच्यात ऱ्हा. दोन येळचं गरम खा. टीव्ही बघ."

"आणि?"

"आणि काय? बसायचं."

"मढ्यागत?"

"तसं कशाला बोलतीस? सून हाय, पोरगं हाय. तुझी खोली बी चुन्यानं रंगवून घेतलीय."

पोरगं मनानं चांगलं होतं, तिथंच तर अडचण होती. वाईट असतं तर आक्कानं दोन शिव्या देऊन पिटाळलं असतं. ती उंबराच्या मुळावर टेकली आणि तिला ती खोली दिसली. पांढरीशुभ्र. एक खिडकी. आणि त्या खिडकीतून तिला आक्का म्हणून हाक मारणारं कुणी नाही.

"येत्या शनवारपतोर थांब," ती म्हणाली. "शनवारच्या आत ती गाडी हितं थांबली, तर मी येत न्हाय. न्हाय थांबली, तर पाटी शालूला देतो नि तुझ्या फटफटीवर बसतो. परत नाव काढणार न्हाय."

"कुठली, विनाथांबा?"

"तीच की."

शिवशरण हसला. पैज मारल्यासारखी पैज नव्हती ती. "शनवारी दुपारी येतो," तो म्हणाला. "बोचकं बांधून ठेव."

सोमवारी आक्कानं हात दाखवला. गाडी गेली. मंगळवारी दोन्ही हात दाखवले. गाडी गेली, आणि वर धुरळा असा उडवून गेली, की शालूबाईचं भडंग चाळून घ्यावं लागलं.

"आक्का, आपण रस्त्यात आडव्या बसूया," शालूबाई म्हणाली. "मी बसले तर गाडी काय, रणगाडा जायचा न्हाय."

"नगं. अडवलेल्या गाडीतला माणूस चिडलेला असतोय. चिडलेला माणूस पेरू खात न्हाय. गाडी आपणहून थांबाय पायजे."

"आपणहून? ती काय म्हस हाय व्हय?"

बुधवारी मात्र आक्का पदर खोचून उभी राहिली. लहानपणी बापाच्या ज्वारीत गोफण फिरवून पाखरं हाकलायची तिची ख्याती होती. कुणी म्हणतं तिचा नेम एवढा पक्का, की कणसावर बसलेल्या पोपटाला दगड लागायचा नाही, नुसता कानाजवळून जाऊन त्याला लाज वाटायची. तर विनाथांबा आली. तिसऱ्या खिडकीत एक माणूस, काळी टोपी, हात बाहेर, पाच रुपयांचं नाणं बोटांत धरलेलं. "आक्का, चार" एवढंच तो ओरडला. आक्कानं पाटीतून एकामागून एक चार पेरू फेकले. चारी धावत्या गाडीच्या खिडकीतून त्याच्या मांडीवर, आणि तेही असे, की खालचा चेपू नये म्हणून वरचे हळू.

चार फेकले तिथं पाचवाही फेकला असेल, असं कुणाच्या मनात आलं असेल. चारच. पाचवा फेकला असता तर ही गोष्टच झाली नसती.

कारण काळ्या टोपीवाल्यानं नाणं टाकलं, ते उंबराच्या खोडावर आपटून आक्काच्या पायाशी पडलं. इथवर झकास. पण गाडी पुढं गेली तसा त्या माणसानं कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं आणि ओरडला, "आक्का, वरचा ऱ्हायला की." वळणापर्यंत त्याचा रिकामा पंजा हवेत दिसत होता.

गुरुवारी गाडी गेली तेव्हा तिसऱ्या खिडकीत तोच पंजा. "कालचा वरचा," आवाज आला आणि गेला. माणसाचं गडहिंग्लजला काही काम नव्हतं असं पुढं कळलं. तो नुसता त्या पेरूसाठी परत तिकीट काढून बसला होता.

आक्कानं त्या वळणाकडं एकदा बघितलं. मग पाटी खाली ठेवली आणि खुदकन हसली.

"काय गं?" शालूबाईनं विचारलं.

"शालू, मी येडी. मी गाडीला हात करतोय. गाडीला कुठं हात असतोय?"

शुक्रवारी तिनं मळ्यातनं पेरू आणले आणि दोन वाटे केले. मोठा वाटा दोन पाट्यांत भरला. छोट्या वाट्यात मात्र एकेक पेरू वास घेऊन, देठ बघून, कानाशी धरून टाकला. तो वाटा शालूबाईच्या ताब्यात दिला. "हे उद्या झाडाखाली घिऊन बसायचं. देव जरी आला तरी इकायचं न्हाय."

शनिवारी दुधाच्या गाडीनं आक्का दोन पाट्या घेऊन कोल्हापूरला गेली. दुपारी दोनची विनाथांबा फलाटाला लागली तसं तिनं पाटी डोक्यावर घेतली. आवाज तोच, सव्वीस वर्षांचा. लोकांनी खिडक्या उघडल्या.

"अगं आक्का, तू आणि हितं?"

"तुमी येत न्हाय म्हटल्यावर मलाच याय पायजे की. किती देऊ?"

"चार दे."

चार दिले. पैसे घेतले. हात पसरलेलाच राहिला.

"आणि वरचा?"

"वरचा फाट्यावर हाय, पावणं. लै ग्वाड हाय, म्हणून सावलीत ठेवलाय. शालूबाई हातात देईल."

"असं व्हय? मग ऱ्हाऊ दे, फाट्यावर घेतो."

आणि दुसरी खिडकी. आणि तिसरी. सगळ्यांना तेच सांगितलं, आणि ते खरंच होतं. गाडी फाट्यावर थांबत नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं, पण चार पेरूंचा वास आणि वरच्याची खात्री यांपुढं ते कुणाला आठवलं नाही. विद्यामंदिरात शिकवणाऱ्या निर्मलाबाईंनी चार घेतले, गुळाचे व्यापारी गुंडूअण्णा यांनी दोन डझन घेतले. त्यांचे वरचे सहा झाले. एक खिडकी राहिली नाही. मग आक्कानं रिकाम्या पाट्या एकमेकींत घातल्या, गडहिंग्लजचं पुरं तिकीट काढलं, आणि शेवटच्या बाकावर जाऊन गप बसली.

गाडी सुटली. कागलपर्यंत सगळं नेहमीसारखं चाललं. पण एकही पेरू कुणी खाल्ला नाही, हे आक्कानं मागून बघितलं. सौदा पुरा झाला नव्हता ना. प्रत्येकाच्या मांडीवर चार पेरू, डावा हात त्यांच्यावर, आणि उजवा हात उगीचच मांडीवर उताणा पडलेला. अख्ख्या गाडीभर उताणे पंजे.

कागल गेलं आणि गुंडूअण्णा खाकरले.

"कंडक्टर, फाट्यावर जरा घ्या हं बाजूला."

"अण्णा, विनाथांबा हाय," बाळासो म्हणाला. "पाटी वाचली न्हाय काय?"

"पाटी वाचली. पण माझे सहा वरचे हाईत तिथं."

"माझा एक आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"आमचे दोन."

"म्हातारीचा बी धरा."

"अहो, एका पेरूसाठी गाडी थांबवू काय?" बाळासोचा आवाज चढला.

निर्मलाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. शाळेत त्या असं करायच्या तेव्हा वर्गात माशी उडायची बंद व्हायची. "कंडक्टर," त्या म्हणाल्या, "प्रश्न एका पेरूचा नाही. मी चार पेरू घेतलेले नाहीत. मी चार आणि वरचा एक असे घेतले आहेत. त्यातले फक्त चार माझ्याकडे आहेत. उरलेला सोडून मला पुढे नेणार असाल तर तसं मला लिहून द्या."

"बाई, मी कसलं लिहून देणार?"

"मग घंटी द्या."

बाळासोनं घंटीची दोरी ओढली. पुढून गुरुपादनं मान न वळवता सांगितलं, "बाळू, घंटीला गंज चढलाय काय? उगं वाजतीय."

चढ लागला. आता गाडीत असा गलका झाला की इंजिन ऐकू येईना. कुणी म्हणालं, आमचा आजा वरच्यासाठी कोर्टात गेला होता. कुणी म्हणालं, मुंबईत वरचा देत नाहीत, म्हणून आमचा भाऊ मुंबई सोडून आला. एक म्हातारी नुसती पंजा वर करून बसली, विठोबापुढं बसावं तशी. आणि शेवटच्या बाकावर आक्का. ती एका शब्दानं बोलत नव्हती. ती बोलली असती तर गाडी तिनं अडवली असं झालं असतं. तिला अडवायची नव्हती.

चढाचं डोकं आलं. पुढच्या काचेतून तिला आधी उंबराचा शेंडा दिसला, मग झाड, मग झाडाखाली शिवशरणची एम-एटी. मागच्या कॅरियरला तिचं बोचकं बांधून झालं होतं. पोरगं किक मारायच्या तयारीत. शालूबाई वरच्यांची पाटी पोटाशी धरून उभी होती, तिचा चेहरा रडवेला.

"गुरुपाद, थांबतोस का न्हाय?" गुंडूअण्णा गरजले.

"गाडी थांबायची न्हाय," गुरुपाद म्हणाला. शांतपणे.

आक्कानं डोळे मिटून घेतले.

आणि इथं ती गोष्ट घडली. गुरुपादचा पाय ॲक्सिलेटरवर, चांगला दाबलेला. क्लचवरचा पाय क्लचवर. दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि गाडी हळू झाली. त्यानं आणखी दाबलं, गाडी आणखी हळू झाली. एकदा गुरगुरली, एकदा शिंकली, उंबराच्या सावलीत शिरली, आणि पुढची खिडकी बरोबर शालूबाईच्या पाटीसमोर आली तिथं उभी राहिली. एक इंच मागं नाही, एक इंच पुढं नाही. लोखंड झालं म्हणून काय झालं, रेडिएटरमध्ये पाणी कोल्हापूरचंच होतं. गाडीला कळलं, कुणाचं काय राहिलंय.

मग सगळ्या खिडक्यांतून सगळे पंजे एकदम बाहेर आले, आणि पन्नास तोंडं ओरडली. काय ओरडली ते वेगळं सांगायला नको. आक्कानं डोळे उघडले तेव्हा तिला आपलंच नाव चारी बाजूंनी ऐकू येत होतं.

ती उतरली. शालूबाईच्या हातची पाटी घेतली, डोक्यावर ठेवली, आणि पहिल्या खिडकीपासून निघाली. कुणालाही पेरू दुसऱ्याच्या हातून दिला नाही. निर्मलाबाईंच्या हातात ठेवला तेव्हा बाई म्हणाल्या, "आता झाला व्यवहार," आणि तिथल्या तिथं त्यांनी पेरूचा चावा घेतला. सगळ्या गाडीनं चावा घेतला. एवढा आवाज झाला की झाडावरचे पोपट उडाले. तिखटमिठानं डोळ्यांत पाणी आलेली माणसं मग शालूबाईकडं वळली आणि भडंगाचं पोतं रिकामं झालं. काळ्या टोपीवाला तिसऱ्या खिडकीत होताच. त्याला बुधवारचा आणि आजचा असे दोन मिळाले. त्या दिवसानंतर तो कधी गाडीला दिसला नाही. त्याचं काम झालं होतं.

गुरुपाद तेवढा स्टिअरिंग धरून समोर बघत बसला होता. बाहेरचं खात नाही ना तो. त्याचं कुणाकडं काही राहिलं नव्हतं. त्याला एकट्यालाच कळत नव्हतं, की गाडी का थांबली.

आक्का पाटी रिकामी करून आली तेव्हा शिवशरण बोचकं सोडत होता.

"काय करतोस रं?"

"सोडतोय की. शनवार हाय न्हवं आज." मान खाली घालून त्यानं विचारलं, "दोडव्वा, त्या खोलीचं काय करू? चुना लावलाय."

"पेरू ठेव तिथं. पिकाय लागतंय. आणि सोमवारपास्नं दोनच्या गाडीला स्टँडावर तू उभा ऱ्हायचंस. चार द्यायचं. वरचा द्यायचा न्हाय. दिलास तर घरात घेणार न्हाय."

"माझ्याच घरात?"

"तुझ्याच."

तेव्हापासून तसंच सुरू झालं. शिवशरण कोल्हापूरला चार द्यायचा, आक्का फाट्यावर पाचवा द्यायची, आणि मधलं काम गाडी करायची. रोज दहा मिनिटं, बिनचूक. वरच्या साहेबांपर्यंत कागद गेला. त्यांनी मेकॅनिक पाठवला. मेकॅनिकनं दोन दिवस गाडीचा नट न् नट सोडून बघितला, काही सापडलं नाही. मग त्यानं ती रिकामी घेऊन स्वतः चालवून बघितली. गाडीत पॅसेंजर नाही, कंडक्टर नाही. चढ संपला आणि गाडी उंबराखाली उभी. मेकॅनिक खाली उतरला आणि बघतो तो आक्का पेरू घेऊन पुढं. "तुमचा असंल," ती म्हणाली. त्यानं अहवालात लिहिलं, की गाडी निर्दोष आहे, रस्त्याला गोडी आहे. विनाथांबा लिहिलेल्या पाटीखाली कुणीतरी खडूनं बारीक अक्षरात लिहिलं, "फाटा सोडून". ते पुसायचं धाडस कुणाचं झालं नाही. दोन हजार एक साली ती गाडी भंगारात गेली आणि नवी आली. नव्या गाडीला तर काही ठाऊक नव्हतं. तरी पहिल्याच दिवशी तीही तिथंच थांबली. जुन्या गाडीचा एक आरसा तिला बसवला होता, त्यानं सांगितलं असणार. आणि गुरुपाद, ज्यानं आयुष्यात कधी शब्द फिरवला नाही, तो आज पेन्शन खात घरी बसलाय, आणि विचारेल त्याला छातीवर हात ठेवून सांगतो, की मी ब्रेकला पाय लावला नाही, गाडी आपणहून थांबली.

बाकाच्या टोकाला एक म्हातारा मघापासून मफलर गुंडाळून चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली.

"बास करा पावणं," तो म्हणाला. "गुरुपाद मीच. मी कुणाला कायबी सांगितलेलं न्हाय. गाडी आपणहून थांबली म्हणं. ब्रेक म्या दाबलता, ह्या पायानं. आणि मी बाहेरचं खात न्हाय हे कुठनं काढलंसा? स्टँडावर माझ्या बाजूच्या खिडकीतनं मी बी चार घेतलतं. मग माझा वरचा काय तुमी दिला असता?"